अंधारकोठडीत किती माणसं मावतात?

आधी एक कबुली देते, मग इतिहासाकडे वळते.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री मी आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो पाठवला. जळालेली मशीद, रस्त्यावर विखुरलेल्या चपला आणि खाली मजकूर : हे काल आपल्या शेजारच्या जिल्ह्यात घडलं आहे, कोणतंही चॅनेल दाखवणार नाही, पुढे पाठवा. मला तो एका नातेवाइकाकडून आला होता. वाचला, डोळ्यांत पाणी आलं आणि पाठवून दिला. वीस सेकंदही लागले नसतील.

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात सात मुलं गैरहजर होती. पावसामुळे असेल म्हणून मी हजेरी लावून टाकली. मधल्या सुट्टीत दहावीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या अम्मीच्या मोबाईलवर तिने तो फोटो पाहिला होता. दबक्या आवाजात म्हणाली, "टीचर, वो फोटो अपने यहाँ का नहीं है. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं बघा ना."

मी फोन काढला, फोटो बोटांनी मोठा केला. कोपऱ्यातल्या दुकानाच्या पाटीवर गोल गोल अक्षरं होती. नागरी नाही, उर्दू नाही, रोमनही नाही. नंतर शोधल्यावर कळलं, फोटो दुसऱ्याच देशातला होता आणि कित्येक वर्षांपूर्वीचा. शेजारच्या जिल्ह्यात काहीही झालेलं नव्हतं. ती सात मुलं मात्र माझा मेसेज वाचून घरच्यांनी थांबवून ठेवली होती. त्यातल्या एकाचे अब्बा आठवडी बाजारात कांदे-बटाट्याची गाडी लावतात. त्यांनी त्या दिवशी गाडीच काढली नाही.

मी बी.एड. केलेली बाई. एका तालुक्याच्या गावी उर्दू शाळेत एकोणीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते, शिक्षक कमी पडले की इतिहासाचे तासही घेते. मराठीच्या पेपरात 'बातमी लेखन' असतं. बातमीत स्थळ, वेळ, स्रोत असावा, असं मीच फळ्यावर लिहून देते. पाठवलेल्या त्या मेसेजमध्ये यातलं एकही नव्हतं.

त्या आठवड्यात मी ठरवलं की नववी-दहावीच्या मुलांना बातमी वाचायला शिकवायची. पण आजची बातमी घेतली तर अडचण अशी की वर्गात बसण्याआधीच सगळ्यांची बाजू ठरलेली असते. माझीही. म्हणून एक जुनी बातमी घेतली, जिच्यावरचा राग आता निवला आहे. बातमी बंगालची, १७५६ सालची.

बातमी काय होती

एप्रिल १७५६ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दी खान वारला आणि त्याचा नातू सिराजउद्दौला गादीवर आला. वय विशीतलं. कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती आणि फोर्ट विल्यम नावाचा किल्ला होता. नवाबाच्या इंग्रजांविरुद्ध तीन तक्रारी होत्या. एक, परवानगी न घेता ते किल्ल्याची तटबंदी वाढवत होते. दोन, १७१७ च्या बादशाही फर्मानाने कंपनीला जकातमाफी मिळाली होती, पण कंपनीचे नोकर तिचे दस्तक वापरून स्वतःचा खासगी व्यापार करत होते, त्यामुळे नवाबाचा महसूल बुडत होता. तीन, नवाबाच्या दरबारातल्या एका बड्या अधिकाऱ्याचा मुलगा कृष्णदास याला त्यांनी आसरा दिला होता.

बोलणी फिसकटली. जूनमध्ये नवाबाने कलकत्त्यावर चाल केली. गव्हर्नर रॉजर ड्रेक १९ जूनला जहाजात बसून निसटला. मागे राहिलेल्यांनी जॉन झेफनाया होल्वेल या कौन्सिल सदस्याला पुढारी केलं. २० जूनला किल्ला पडला. त्या रात्री उरलेल्या कैद्यांना किल्ल्यातल्या एका खोलीत कोंडलं गेलं.

पुढची हकीकत होल्वेलने सांगितली ती अशी : १४६ माणसं एका लहान खोलीत कोंडली, खोलीला गज लावलेल्या दोन छोट्या खिडक्या, जूनचा उकाडा, पाण्यासाठी चेंगराचेंगरी. सकाळी दार उघडलं तेव्हा २३ जिवंत होते, १२३ मेले होते. हीच 'कलकत्त्याची अंधारकोठडी'.

मी वर्गात एवढंच वाचून दाखवलं आणि विचारलं, "काय वाटतं?" अर्धा मिनिट कुणी बोललं नाही. मग एक मुलगा म्हणाला, "टीचर, नवाब जालिम होता." दुसरा लगेच म्हणाला, "इंग्रज खोटं बोलतात." दोघांपैकी एकानेही अजून एक प्रश्न विचारला नव्हता. माझ्या वीस सेकंदांसारखंच झालं ते.

बातमी कशी पसरली

मी फळ्यावर तारखा लिहिल्या. घटना २० जून १७५६ ची. होल्वेलने ती सविस्तर लिहून काढली २८ फेब्रुवारी १७५७ ला, इंग्लंडला जाताना 'सायरन' नावाच्या जहाजावर बसून, एका मित्राला लिहिलेल्या पत्रात. म्हणजे आठ महिन्यांनंतर. १७५८ मध्ये ते लंडनमध्ये पुस्तिका म्हणून छापलं गेलं. त्या इंग्रजी पुस्तिकेच्या नावातच 'अस्सल वृत्तान्त' असे शब्द होते. मुलांना मी विचारलं, तुमच्याकडे येणाऱ्या कोणत्या मेसेजवर 'शंभर टक्के खरी बातमी' असं लिहिलेलं असतं? सगळे हसले. त्यांना उत्तर माहीत होतं.

मधल्या काळात काय झालं तेही लिहिलं. क्लाइव्हने जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेतलं. ९ फेब्रुवारीला नवाबाशी अलीनगरचा तह झाला. २३ जून १७५७ ला प्लासीची लढाई झाली, सिराज हरला आणि थोड्याच दिवसांत मारला गेला. होल्वेलची पुस्तिका बाजारात आली तेव्हा बंगाल कंपनीच्या मुठीत गेला होता. परक्या मुलखावर कबजा का केला, असं इंग्लंडात कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं.

होल्वेल १७६० मध्ये काही महिने बंगालचा हंगामी गव्हर्नर झाला. त्याने मृतांचं एक स्मारक स्वखर्चाने उभारलं, मृतांची नावं त्यावर कोरली. १८२१ मध्ये कंपनी सरकारनेच ते पाडलं. पण तोवर गोष्ट दगडाच्या आधाराशिवाय चालायला शिकली होती. १८४० मध्ये मेकॉलेने क्लाइव्हवर लांबलचक निबंध लिहिला, त्यात अंधारकोठडीचं वर्णन अंगावर काटा आणणारं आहे. मेकॉलेचं इंग्रजी सुंदर, म्हणून तो निबंध शाळा-कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. वाचणाऱ्याला वाटायचं, मेकॉलेही सांगतो म्हणजे दुसरा साक्षीदार झाला. पण मेकॉलेचा जन्म १८०० सालचा. त्याने फक्त पुढे पाठवलं. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने संगमरवरात नवं स्मारक उभारलं. त्यानेही पुढे पाठवलं.

एका मुलाने वहीत लिहिलेलं मला आवडलं : शंभर लोकांनी सांगितलं तरी मूळ सांगणारे किती, ते मोजायचं.

आमच्या मुलांना ही रीत परकी नाही. हदीस गोळा करणाऱ्या मोहद्दिसांनी हेच काम केलं. कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी, म्हणजे इस्नाद, तपासली. प्रत्येक रावीची स्मरणशक्ती कशी होती, तो खरं बोलणारा होता का, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो कधी भेटला तरी होता का, हे विचारलं. सूरह हुजुरातमध्ये खबर पारखून घ्यायचा हुकूमच आहे, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल, अशा अर्थाचा. मी ती सूरह लहानपणापासून वाचत आले आहे. मेसेज पाठवताना मात्र ती आठवली नाही.

रावी कोण?

तर होल्वेल रावी म्हणून कसा? हा माणूस डब्लिनचा, पेशाने सर्जन, हुशार, लेखणी चांगली. तो स्वतः त्या खोलीत होता, ही त्याची जमेची बाजू. पण १७६० मध्ये त्याने नवाब मीर जाफरवर आरोप केला की त्याने ढाक्यात अनेक बड्या लोकांची कत्तल करवली. त्या आरोपांनी मीर जाफरला गादीवरून हटवायला मदत झाली, आणि नव्या नवाबाकडून ज्या इंग्रजांना मोठमोठ्या रकमा मिळाल्या त्यांत होल्वेल होता. पुढे क्लाइव्ह आणि त्याच्या कौन्सिलने लंडनला कळवलं की आरोप बिनबुडाचा आहे, मेले म्हणून सांगितलेल्यांपैकी दोघे सोडले तर बाकीचे जिवंत आहेत. हे सांगणारे सिराजचे वकील नव्हते, होल्वेलच्याच कंपनीचे लोक होते.

मग दुसरीकडे काय सापडतं? गुलाम हुसेन खान तबातबाई यांनी 'सियर-उल-मुताखिरीन' हा फारसी इतिहास अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिला. कलकत्ता पडल्याचं त्यात आहे, कोठडीचं नाही. कुणी म्हणेल, मुसलमान लेखक, लपवलं असेल. पण हे गुलाम हुसेन सिराजच्या प्रतिस्पर्ध्याच्या, पूर्णियाच्या शौकत जंगच्या पदरी होते. सिराज उद्धट, क्रूर, कुणाचं न ऐकणारा होता, असं त्यांनी सरळ लिहून ठेवलं आहे. त्याची अब्रू झाकायचं त्यांना काही कारण नव्हतं. या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १७८९ मध्ये कलकत्त्यात छापलं गेलं. भाषांतरकार जन्माने फ्रेंच होता. इंग्लंडात एवढी गाजलेली ही घटना बंगालमध्ये लोकांना ठाऊकच नाही, असा शेरा त्याने तळटीपेत मारला आहे.

आणखी एक. अलीनगरच्या तहात कंपनीने लुटल्या गेलेल्या मालमत्तेची भरपाई मागितली, पण कोठडीतल्या मृतांसाठी काहीही मागितलं नाही.

हे मुद्दे मी एकामागून एक मांडत गेले तसा वर्गाचा चेहरा उजळत गेला. मघाचा 'इंग्रज खोटं बोलतात' म्हणणारा मुलगा तर जिंकल्यासारखा बसला होता. खरं सांगायचं तर मीही त्याच ओघात होते. आणि इथेच मी तोंडावर पडले.

मैदानातला हिशेब

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भोलानाथ चंद्र या बंगाली लेखकाने एक प्रयोग केला होता. कोठडीच्या मापाची जागा बांबूने कुंपण घालून आखली, त्यात माणसं उभी केली आणि निष्कर्ष काढला की १४६ जण तिथे मावणं शक्य नाही. मला हा प्रयोग फार आवडायचा. गणिताने खोटं पकडलं, असं मी कित्येकदा मोठ्या आवाजात सांगितलं होतं. या वेळी वाटलं, सांगण्यापेक्षा करून दाखवू.

खोलीचं माप १८ फूट बाय १४ फूट १० इंच असं दिलं जातं. म्हणजे सुमारे २६७ चौरस फूट. मैदानात चुन्याने चौकोन आखला. मुलांनी हिशेब केला : १४६ माणसांत वाटले तर प्रत्येकाला पावणेदोन चौरस फुटांहून जरा जास्त. साधारण सोळा इंच लांब, सोळा इंच रुंद. माझी खात्री होती की इथेच सिद्ध होणार.

नववी आणि दहावी मिळून त्या दिवशी ९७ मुलं होती. एका बाजूला मुली, एका बाजूला मुलगे, मधे थोडं अंतर ठेवून सगळ्यांना चौकोनात उभं केलं. सगळी मावली. मधे जागा उरली. पीटीचे सर आणि शिपाईमामा आत जाऊन उभे राहिले तरी उरली.

मी म्हटलं, मुलं लहान असतात, मोठी माणसं असती तर मावली नसती. तेव्हा मुंब्र्याहून यंदाच आमच्या शाळेत आलेली एक मुलगी हसायला लागली. "टीचर, तुम्ही सकाळच्या लोकलमध्ये चढला नाहीत कधी."

घरी येऊन आकडे पाहिले. २६७ चौरस फूट म्हणजे सुमारे २५ चौरस मीटर. त्यात १४६ माणसं म्हणजे एका चौरस मीटरला जवळजवळ सहा. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं उभी असतात. रेल्वेनेच या गर्दीला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं नाव दिलं आहे. तेव्हा १४६ माणसं त्या खोलीत मावली असती. जगली असती का, हा वेगळा प्रश्न. पण 'मावणंच शक्य नाही' हा पुरावा बाद.

इतकी वर्षं मी तो सांगत होते, आणि एकदाही भागाकार करून पाहिला नव्हता. कारण तो मला हवा तसा निघत होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सगळं सांगितलं. आणि जे आधी सांगायचं टाळलं होतं तेही सांगितलं. कोठडीची गोष्ट सांगणारा होल्वेल एकटा नाही. त्या रात्री आत असलेल्या कुक नावाच्या कंपनीच्या माणसाने १७७२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली आहे. मिल्स नावाच्या कप्तानाची टिपणवही आहे. गुलाम हुसेन यांचं मौनही घडलंच नाही याचा पुरावा होत नाही. त्यांना कळलं नसेल, किंवा एवढ्या मोठ्या उलथापालथीत काही परक्या शिपायांचा मृत्यू त्यांना लिहिण्याजोगा वाटला नसेल.

मग खरं काय?

अक्षयकुमार मैत्रेय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिराजवर बंगालीत पुस्तक लिहून ही कहाणी नाकारली. १९१५ मध्ये जे. एच. लिटल या इंग्रजाने होल्वेलच्या सचोटीवर सविस्तर लेख लिहिला. १९१६ मध्ये कलकत्त्यात यावर जाहीर वाद झाला, त्यात लिटल आणि मैत्रेय एकाच बाजूने बोलले. पुढे ब्रिजेन गुप्ता या इतिहासकाराने त्या वेळच्या नोंदी ताडून पाहिल्या. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातला आकडा असा : आत ६४, सकाळी जिवंत २१. हा आकडाही शेवटचा शब्द नव्हे, पण बरेच अभ्यासक आज त्याच्या आसपास आहेत.

म्हणजे घटना घडली. माणसं तडफडून मेली, चाळीसच्या वर मेली. आकडा फुगवला गेला. "नवाब जालिम" म्हणणारा आणि "इंग्रज खोटे" म्हणणारा, दोघांनाही मी विचारलं, आता काय म्हणाल? दोघेही गप्प होते. पहिल्या दिवशीच्या गप्प बसण्यापेक्षा हे गप्प बसणं मला बरं वाटलं.

आकड्यापेक्षा मोठी फेरफार दुसरीकडे आहे, ती मुलांना शोधायला सांगितली. ही खोली नवाबाने बांधलेली नव्हती. ती इंग्रजांच्याच किल्ल्यातली, त्यांच्याच दारुड्या आणि बेशिस्त शिपायांना डांबायची कोठडी होती. 'ब्लॅक होल' हे नाव इंग्रजांनीच तिला आधीपासून दिलेलं. आणि खुद्द होल्वेलने लिहिलं आहे की नवाबाचा हुकूम फक्त रात्रीपुरतं बंदोबस्तात ठेवण्याचा होता असं त्याला वाटतं, पुढचं घडलं ते खालच्या जमादारांच्या सूडबुद्धीमुळे. मूळ रावीनेच ज्याला मोकळं सोडलं, त्या नवाबाला पुढे पाठवणाऱ्यांनी खुनी करून टाकलं. बातमी हातोहात जाताना तिच्यातलं काय गळून पडतं, ते इथे दिसतं. तटबंदी गळाली, दस्तकांचा गैरवापर गळाला, पळून गेलेला गव्हर्नर गळाला, होल्वेलचं हे वाक्यही गळालं. उरला एक क्रूर नवाब आणि एक अंधारी खोली.

आणि जे छापूनच येत नाही त्याचं काय? १७७० मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये लंडनला लिहिलं त्यानुसार किमान एक तृतीयांश लोक मेले. त्याच पत्रात त्याने नोंदवलं आहे की १७७१ ची महसुलाची वसुली १७६८ च्या वर गेली. त्या माणसांची नावं कर्झनने कोणत्या संगमरवरावर कोरली? मुलांना सांगितलं, बातमीत काय आहे ते बघा, तसं कोणाचं मरण बातमी होतं आणि कोणाचं नाही, तेही बघा.

आता आपली पाळी

इथवर सोपं होतं. दोष परक्याचा होता. मग एक मुलगा उठला आणि म्हणाला, "टीचर, म्हणजे सिराज आपला हिरो ना?"

'आपला' हा शब्द मी फळ्यावर लिहिला. सिराज बंगालचा, शिया, फारसी बोलणाऱ्या दरबारातला. आपल्या गावच्या उर्दू शाळेतल्या मुलाचा तो कोण लागतो? नावावरून नातं जोडलं की पुढचं वाचन तिथेच थांबतं. गुलाम हुसेन त्याच्याबद्दल काय लिहितात ते मुलांनी ऐकलेलंच होतं. कंपनीने बंगाल लुबाडला हे खरं, आणि सिराज वाईट राज्यकर्ता होता हेही खरं असू शकतं. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

मग मी होल्वेलचीच दुसरी हकीकत काढली. १७४२ पासून सुमारे दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करत होत्या. बंगालमध्ये त्यांना 'बर्गी' म्हणत, आपल्या 'बारगीर'वरून. त्यांच्या भीतीने कलकत्त्याभोवती खंदक खोदला गेला, त्याचं नावच 'मराठा डिच'. १७५१ मध्ये अलीवर्दीने दरसाल बारा लाख चौथाई कबूल केली तेव्हा स्वाऱ्या थांबल्या. बंगालमध्ये बाळाला झोपवतानाच्या गाण्यात आजही बर्गी येतात. या स्वाऱ्यांतल्या अत्याचारांबद्दल होल्वेलनेही लिहिलं आहे.

मुलांना विचारलं, आता होल्वेलवर विश्वास ठेवायचा का?

वर्गात दोन तट पडले. काही जण म्हणाले, तो खोटारडा आहे, इथेही खोटंच बोलला असेल. काही जणांना, का ते मला कळत होतं, या वेळी होल्वेल खरा वाटत होता. मी म्हटलं, एकाच रावीला एकदा खोटा आणि एकदा खरा म्हणताना आपण त्याला तोलतोय की आपल्या सोयीला, ते आधी बघा. होल्वेलला बाजूला ठेवा आणि दुसरा साक्षीदार शोधा.

तो आहे. गंगाराम नावाच्या बंगाली कवीचं 'महाराष्ट्र पुराण' हे त्याच काळातलं काव्य. गावं जाळणं, लूट, बायकांवरचे अत्याचार, सगळं त्यात आहे. गंगाराम हिंदू, त्याच्या काव्यात देवदेवता आहेत, आणि पाप वाढलं म्हणून देवानेच मराठ्यांना पाठवलं अशी सुरुवात आहे. तरी पुढे ब्राह्मण-वैष्णवांवरचे जुलूम पाहून देवी मराठ्यांवर रुष्ट होते. मराठ्यांच्या बाजूने लढणाऱ्यांत मीर हबीब हा मुसलमान सरदार अग्रभागी होता. बंगालचा बचाव करणारा अलीवर्दी मुसलमान, आणि त्याच्या बाजूने देवीला उभं करणारा कवी हिंदू. ही गोष्ट आजच्या कोणत्याच मेसेजमध्ये बसत नाही. बसवायची असेल तर तिचे हातपाय तोडावे लागतील.

हा तास संपल्यावर मला थोडी धास्ती होती. उर्दू शाळेतल्या बाईने मराठ्यांच्या स्वाऱ्यांवर बोलणं, आणि तेही आजच्या दिवसांत. कुणी अर्धं ऐकून घरी अर्धं सांगितलं तर? म्हणून मी मुलांना वहीत दोन्ही बाजू साक्षीदारांसकट लिहायला लावल्या आणि पालकांची सही आणायला सांगितली. बहुतेक सह्या आल्या. एका आजोबांनी सहीखाली उर्दूत एक ओळ लिहिली होती : आमच्या वेळी फक्त तारखा पाठ करून घ्यायचे.

स्मारकाचं पुढे काय झालं

कर्झनचं स्मारक कलकत्त्याच्या ऐन मध्यावर उभं होतं. १९४० मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी ते हटवण्यासाठी आंदोलन पुकारलं. ३ जुलैला 'सिराजउद्दौला दिन' पाळायचा होता. आदल्या दिवशी, २ जुलैला, त्यांना अटक झाली. पण चळवळ थांबली नाही, हिंदू आणि मुसलमान विद्यार्थी तिच्यात एकत्र होते. फजलुल हक यांच्या मंत्रिमंडळाला स्मारक हलवावं लागलं. आज ते सेंट जॉन चर्चच्या आवारात एका कोपऱ्यात आहे.

हे ऐकून वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण हिंदू-मुसलमानांनी मिळून एका खोट्या आकड्याला चौकातून उठवलं, ही गोष्ट मला आवडते. टाळ्या थांबल्यावर मुंब्र्याची ती मुलगी म्हणाली, "पण टीचर, जे खरंच मेले त्यांचं काय? त्यांचा काय कसूर?" त्या कोठडीत सगळे बडे गोरे साहेब नव्हते. पोटासाठी भरती झालेले साधे शिपाई होते, त्यांत मिश्र वंशाचेही होते. तिच्या प्रश्नाला मी काही उत्तर दिलं नाही. बेल झाली म्हणून नाही. होतंच नाही माझ्याकडे.

आता आमच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात पाच प्रश्न कायमचे लिहिलेले आहेत. मूळ सांगणारा कोण? त्याने स्वतः पाहिलं का? दुसरा, त्याच्याशी संबंध नसलेला साक्षीदार आहे का? काय गाळलं आहे? आणि पाचवा मुलांनीच घातला : मला हे खरं असावं असं का वाटतंय? चौथीपर्यंतचे प्रश्न दुसऱ्याला विचारायचे असतात. पाचवा स्वतःला विचारावा लागतो, म्हणून तोच सगळ्यात आधी विसरला जातो.

राहिली माझी बाब. फोटो चुकीचा असल्याचं कळलं त्याच संध्याकाळी मी तो ग्रुपवरून काढून टाकला होता. कुणाला काही बोलले नव्हते. वाटलं, गेला म्हणजे संपलं. मैदानात माझा चौकोन रिकामा उरला त्या दिवशी रात्री मी ग्रुपवर लिहिलं : मागच्या महिन्यात मी पाठवलेला जळालेल्या मशिदीचा फोटो आपल्याकडचा नव्हता, मी न तपासता पाठवला, चूक माझी, तुम्ही पुढे पाठवला असेल तर कृपया तिथेही हे कळवा. मग कांदे-बटाटेवाल्या भाईंच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोला समक्ष सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ द्या टीचर, एका दिवसाची तर बात होती." चहा केला.

फोटो पाठवला तेव्हा ग्रुपवर चाळीसएक जणींनी लगेच उत्तर दिलं होतं, कुणी रडणारे चेहरे, कुणी दुआचे हात. दुरुस्तीच्या मेसेजला तिघींनी उत्तर दिलं. तो पुढे किती जणींनी पाठवला, ते मला माहीत नाही. फोटो अजून कुठे कुठे फिरत असेल, तेही माहीत नाही.